पिनियनवरचा आकडा

जॅग्वार ई-टाइपवर लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मी लगेच होकार दिला, पण एक अट घातली. गाडीच्या पुढच्या भागावर मी लिहिणार नाही. ते लांबलचक बॉनेट, माल्कम सेयर यांनी गणिताच्या आधाराने रेखलेली वळणं, 1961 च्या मार्चमध्ये जिनिव्हात झालेलं अनावरण, प्रात्यक्षिकासाठी आणखी एक गाडी हवी म्हणून नॉर्मन ड्यूइस यांनी कॉव्हेंट्रीहून रात्रभर गाडी हाकत गाठलेलं जिनिव्हा, ताशी 150 मैलांचा तो गाजलेला दावा, या सगळ्यावर साठ वर्षं लिहिलं जातंय. ते लिहिण्याजोगं आहेच. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 1996 मध्ये ही गाडी आपल्या संग्रहात घेतली, ती तिच्या रूपासाठी. पण रूप उभ्या गाडीलाही असतं. गाडी पळते ती मागच्या चाकांच्या जोरावर, आणि त्या चाकांच्या मधोमध ओतीव लोखंडाच्या पेटीत एक यंत्रणा तेलात बुडून काम करत असते. ती यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. झिजलेलं डिफरन्शियल पुन्हा नव्यासारखं कसं करतात, ते मला पाहायचं होतं.

कॉव्हेंट्रीजवळच्या एका लहान कारखान्यात एक कारागीर आहेत. जुन्या जॅग्वारचे मागचे आख सोडून दुसरं काम ते घेत नाहीत. आपलं नाव छापू नये, एवढीच त्यांची अट होती. मी गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर 3.8 लिटरच्या एका ई-टाइपचं डिफरन्शियल होतं. मालकाच्या तक्रारी दोन. पन्नास-साठ मैलांच्या वेगात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून घुमल्यासारखा आवाज येतो, आणि मागच्या ब्रेकच्या डिस्कवर तेल दिसतं. पुढचं सगळं काम या दोन वाक्यांतून निघालं.

डिफरन्शियल कशासाठी लागतं, ते आधी सांगायला हवं. बैलगाडीला त्याची गरज पडत नाही. तिची दोन्ही चाकं आखावर मोकळी फिरतात. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि ओढायचं काम बैल करतात. मोटारीत मात्र ओढायचं काम चाकांनाच करायचं असतं, म्हणून त्यांना इंजिनाशी जोडावं लागतं. दोन्ही चाकं एकाच आखाला जखडली तर वळणावर पंचाईत होते. ई-टाइपच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर 50 इंच, म्हणजे 1.27 मीटर. गाडी अर्धं वर्तुळ घेऊन उलट दिशेला वळवली, की बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळपास 4 मीटर जास्त चाललेलं असतं. वळण अरुंद असो की ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त दोन चाकांमधल्या अंतरावर ठरतो. एवढा फरक जिरवायचा आणि तरीही दोन्ही चाकांना जोर पोचवायचा, हे डिफरन्शियलचं काम.

ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी 1828 मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये 1877 मध्ये जेम्स स्टार्ली यांनी पायडलच्या वाहनासाठी ती स्वतंत्रपणे वापरात आणली. असं सांगतात की दोघांनी शेजारी-शेजारी बसून चालवायच्या एका वाहनावर स्टार्ली आणि त्यांचा मुलगा निघाले होते. तरुण मुलाच्या पायांत जोर जास्त, त्यामुळे वाहन सारखं एका अंगाला ओढलं जाऊन रस्त्याबाहेर गेलं, आणि तिथून विचाराला सुरुवात झाली. हे स्टार्ली कॉव्हेंट्रीचे. सायकलींचं हे शहर पुढे मोटारींचं झालं आणि याच शहरातल्या ब्राउन्स लेनच्या कारखान्यात ई-टाइप तयार होऊ लागली. 1974 पर्यंत बहात्तर हजारांहून जास्त गाड्या तिथून बाहेर पडल्या.

ई-टाइपच्या मागच्या भागाचं श्रेय बॉब नाइट या अभियंत्याचं. तोवर जॅग्वारच्या स्पोर्ट्स गाड्यांना मागे एकसंध आख असे. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही हिसका बसे. दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतील अशी रचना महिन्याभरात करून दाखवा, अशी पाच पौंडांची पैज कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांनी नाइट यांच्याशी लावली आणि नाइट यांनी ती 27 दिवसांत जिंकली, ही गोष्ट जॅग्वारच्या मंडळींत आजही सांगितली जाते. गोष्टीतले दिवस बाजूला ठेवले तरी रचना अस्सल आहे. डिफरन्शियल मधोमध, त्याच्या दोन्ही अंगांना ब्रेकच्या डिस्क, तिथून चाकांकडे जाणारे दोन दांडे, खाली आडवे हात, प्रत्येक बाजूला दोन-दोन स्प्रिंगा, आणि हे सगळं पत्र्याच्या एका मजबूत पिंजऱ्यात बसवलेलं. पिंजरा रबराच्या चार आधारांवर गाडीच्या अंगाला लटकतो. चाकाला फिरवणारा दांडाच वरच्या हाताचंही काम करतो, म्हणजे एक सुटा भाग वाचला. ब्रेक चाकापाशी न ठेवता आत घेतल्यामुळे चाकाबरोबर उसळणारं वजन घटलं आणि गाडी रस्त्याला चिकटून धावू लागली. याच रचनेचे सुधारलेले अवतार जॅग्वारने 1996 पर्यंत वापरले.

मात्र ब्रेक आत घेतल्याची किंमत आहे. डिस्क तापली की ती उष्णता थेट डिफरन्शियलच्या बाजूच्या तेलाच्या सीलपर्यंत पोचते. सील कडक होतं, चिरतं, तेल झिरपतं आणि नेमकं डिस्कवर येतं. डिस्कवर तेल म्हणजे ब्रेक गेले. पिंजरा न उतरवता हे सील बदलता येत नाही. टेबलावरच्या गाडीची दुसरी तक्रार ही अशी उपजली होती.

पहिल्या तक्रारीचं मूळ पेटीच्या आत होतं. ती उघडण्याआधी कारागिरांनी झाकणाच्या बोल्टखालची पत्र्याची एक छोटी पट्टी पुसून घेतली. तिच्यावर 43 आणि 13 हे आकडे होते. इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला असलेल्या लहान चाकाला, म्हणजे पिनियनला, 13 दात, आणि त्याने फिरणाऱ्या मोठ्या चाकाला, म्हणजे क्राउन व्हीलला, 43. भागाकार 3.31. इंजिनाकडचा दांडा 3.31 वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरेल. सरळ 39 आणि 13 घेऊन तिप्पट का केलं नाही, असं मी विचारलं. त्यांनी पिनियनच्या एका दातावर खडूची खूण केली आणि हळूहळू फिरवत समजावलं. 43 आणि 13 यांना सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा एखादा दात क्राउन व्हीलच्या एखाद्या दाताला एकदा टेकला, की तीच जोडी पुन्हा जुळायला क्राउन व्हीलचे 13 फेरे पूर्ण व्हावे लागतात. मधल्या काळात तो दात बाकी सगळ्या 42 दातांना टेकून आलेला असतो. एखाद्या दातात खोट असेल तर ती एकाच जोडीदाराला कुरतडत राहत नाही. सगळ्यांमध्ये वाटली जाते आणि घासून घासून जिरते. 39 आणि 13 असते तर तेच दात जन्मभर त्याच दातांवर आदळत राहिले असते.

या दोन चाकांची जोडी कारखान्यातच लागलेली असते. ई-टाइपचं डिफरन्शियल बर्मिंगहॅमच्या सॅलिसबरी कंपनीचं. तिथे पिनियन आणि क्राउन व्हील एकमेकांवर घासून घेत, एकच क्रमांक दोघांवर कोरत, आणि पुढे ती जोडी कधी मोडायची नाही असा नियम असे. दातांची जात हायपॉइड. पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या मध्यातून न जाता खालून जातो. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कारखान्याने ही पद्धत रूढ केली. तिच्यामुळे पिनियन जाडजूड करता येतं, दात मजबूत होतात आणि इंजिनाकडून येणारा दांडा खाली नेता येतो. पण हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, जोराने घसरतात, म्हणून त्यांना खास तेल लागतं. साधं तेल घातलं तर धातूला धातू भिडतो आणि दातांची कातडी सोलून निघते.

मी ज्यासाठी थांबून राहिलो ती गोष्ट यानंतर आली. पिनियन बाहेर काढून, धुऊन, त्यांनी त्याचं सपाट तोंड दिव्याखाली धरलं. जोडीचा क्रमांक तिथे होताच. त्याच्या बाजूला विजेच्या टोकदार लेखणीने हाताने कोरलेली एक खूण होती: अधिक दोन.

या अधिक दोनचा अर्थ असा. पिनियनचं तोंड आणि क्राउन व्हीलचा मध्य यांच्यात किती अंतर हवं, ते जॅग्वारच्या पुस्तकात दिलेलं आहे. शून्य खुणेच्या पिनियनला 2.625 इंच, म्हणजे 66.675 मिलिमीटर. अधिक दोन लिहिलेलं असेल तर त्यात दोन थाऊ मिळवायचे, उणे दोन असेल तर दोन थाऊ वजा करायचे. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्याकडे लेथवरही थाऊच म्हणतात. माणसाच्या डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. म्हणजे इथे हिशोब केसाच्या जाडीच्याही आतला आहे.

हा आकडा आराखड्यातून येत नाही. दोन्ही चाकं कापून, कडक करून, एकमेकांवर घासून झाल्यावर एक माणूस ती जोडी तपासणीच्या यंत्रावर चढवत असे. पिनियन थोडं आत, थोडं बाहेर सरकवत, दातांचा ठसा पाहत आणि कान देत तो जोडी कुठे सर्वांत गुळगुळीत आणि शांत चालते ती जागा शोधे. ती जागा पुस्तकातल्या मापापेक्षा जितकी पुढेमागे असेल तितका आकडा तो पिनियनच्या तोंडावर कोरे. प्रत्येक जोडीचा आकडा वेगळा. मोजमापांच्या सगळ्या शिस्तीनंतरही जोडीत जो अंगचा वेगळेपणा उरतो, त्याची ती नोंद.

माझ्या मते या सबंध यंत्रणेचा गाभा त्या आकड्यात आहे. सॅलिसबरीच्या त्या तपासनिसाला ठाऊक होतं, की ही पेटी कधी तरी कुणीतरी उघडेल. उघडणारा कोण असेल, कुठल्या देशात, किती वर्षांनी, याची त्याला कल्पना नव्हती. पण त्या माणसाला जे कळायलाच हवं, ते त्याने दोन खुणांत लिहून ठेवलं आणि लोखंडावर लिहिलं, कागदावर नाही. साठ वर्षांनी दुसरा कारागीर दिव्याखाली ते वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. एका हातातलं ज्ञान दुसऱ्या हाताकडे असं पोचलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

वाचल्यानंतरचं काम संथ आहे. पिनियनचं अंतर शिमने ठरतं. शिम म्हणजे पोलादाच्या पातळ चकत्या. त्या पिनियनच्या आतल्या बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यामागे बसतात. एक चकती बदलायची तर बेअरिंगचं कडं उपसून काढायचं, चकती घालायची, कडं पुन्हा ठोकून बसवायचं, पिनियन घालायचं, मोजायचं. माप चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मग बेअरिंगांवरचा दाब. शंकूच्या आकाराचे रोलर असलेली ही बेअरिंगं मोकळी ठेवून चालत नाहीत. ती ठराविक ताकदीने आवळलेली असावी लागतात, म्हणजे जोर आला तरी पिनियन जागचं हलत नाही. पुस्तक सांगतं, पिनियन फिरवायला 8 ते 12 पाउंड-इंच जोर लागला पाहिजे. दांड्याला दोरी गुंडाळून तिला तोलकाटा लावून हा जोर मोजतात. कारागिरांनी काटा लावला, पण त्याआधी पिनियन बोटांनी फिरवून पाहिलं आणि आकडा सांगितला. काट्याने तोच दाखवला.

क्राउन व्हीलच्या बाजूच्या बेअरिंगांनाही असाच दाब हवा. तिथे दोन्ही अंगांना मिळून 6 ते 10 थाऊ जादा शिम भरतात आणि कातडी तोंडाच्या हातोड्याने सबंध गोळा पेटीत हलकेच उतरवतात. बेअरिंगांवरच्या टोप्या काढताना त्यांचे आणि पेटीचे आकडे जुळवून ठेवावे लागतात, कारण टोपी पेटीला लावूनच बेअरिंग बसायचं भोक पाडलेलं असतं. डावी टोपी उजवीकडे गेली की भोक गोल राहत नाही. मग बॅकलॅश, म्हणजे दोन दातांमधली मोकळी जागा. क्राउन व्हीलवर तीही कोरलेली असते, आणि 4 थाऊच्या खाली ती कधी जाऊ द्यायची नाही. डायल गेजचं टोक दाताच्या पाठीला टेकवून, क्राउन व्हील मागेपुढे हलवून, वेगवेगळ्या जागी ती मोजायची. एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चूक असेल तर क्राउन व्हील वाकडं बसलंय असं समजायचं.

शेवटी रंग. जॅग्वारच्या पुस्तकात यासाठी तेलात कालवलेला शेंदूर सांगितला आहे. तो शिशाचा, विषारी, म्हणून आता पिवळी पेस्ट वापरतात. काही दातांना पेस्ट लावायची, क्राउन व्हीलला हाताने अडवून धरत पिनियन फिरवायचं आणि दातावर कुठे ठसा उमटतो ते पाहायचं. पिनियन गरजेपेक्षा आत असेल तर ठसा दाताच्या मुळाशी उतरतो, बाहेर असेल तर माथ्याकडे चढतो. क्राउन व्हील फार जवळ आलं तर ठसा दाताच्या आतल्या टोकाला सरकतो, दूर गेलं तर बाहेरच्या. जोर देताना दाताची एक बाजू काम करते, वेग सोडताना दुसरी, म्हणून दोन्ही बाजूंचे ठसे पाहायचे. टेबलावरच्या जोडीचं दुखणं इथे सापडलं. जोराच्या बाजूला ठसा मध्यावर होता, सोडायच्या बाजूला मुळाशी आणि टोकाला ओढलेला होता. आधी कुणीतरी बेअरिंगं बदलताना पिनियनवरचा आकडा वाचलाच नव्हता. जुने शिम तसेच घातले होते. नव्या बेअरिंगची जाडी जुन्यासारखीच असेल असं धरून चालायची सोय या कामात नाही.

याच पेटीत आणखी एक यंत्रणा आहे. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच जोर मिळतो, पण एक चाक चिखलात किंवा ओल्या रस्त्यावर फिरकलं की दुसऱ्यालाही फिरकणाऱ्या चाकाएवढाच तुटपुंजा जोर येतो. त्यावर उपाय म्हणून या गाडीत पॉवर-लॉक आहे. आतल्या लहान गिअरांचे दांडे उतरत्या खोबणींत बसवलेले असतात. जोर आला की ते खोबणीवर चढतात आणि दोन्ही बाजूंच्या चकत्या एकमेकींवर दाबतात. जितका जोर जास्त तितका दाब जास्त, आणि तितकी दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात. या चकत्या झिजल्या किंवा चुकीचं तेल पडलं की अरुंद वळणावर गाडी मागून थरथरते.

इथपर्यंतचं काम सुखाचं. अडचणी या कामाच्या दोन्ही अंगांना आहेत, आधी आणि नंतर, आणि त्यांचाच वेळ जास्त जातो.

आधीची अडचण म्हणजे पिंजरा खाली आणणं. गाडी घोड्यांवर चढवायची, सायलेन्सर उतरवायचा, मागच्या ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल सोडायची, इंजिनाकडचा दांडा सोडायचा, गाडीच्या अंगाला पुढून जोडलेले दोन हात सोडायचे. हे हात पाण्याच्या आणि चिखलाच्या वाटेत असतात. त्यांचे बोल्ट गंजून तुटतात, आणि तुटलेला बोल्ट काढताना गाडीचा पातळ पत्रा फाटायची भीती असते. पिंजरा उतरला की आणखी एक हटवादी जागा लागते. चाकाजवळचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि त्यातून आरपार जाणारी पोलादी पिन. दोन वेगळे धातू, मध्ये पाणी. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती पिन ठोकळ्यात अशी रुतते की प्रेसखालीही सुटत नाही. मग पिन कापून काढायची आणि ठोकळ्याला धक्का लागू द्यायचा नाही. पिंजऱ्याच्या माथ्यातून डिफरन्शियलला धरणारे चार बोल्ट तारेने गुंफून बांधलेले असतात, म्हणजे ते आपोआप सैल होऊ नयेत. परत बसवताना ती तार नव्याने, योग्य दिशेने पिळून घालावी लागते. कुणी ती घालायची टाळली असेल तर ते पहिल्याच नजरेला दिसतं, आणि कारागीर अशा गाडीच्या बाकी कुठल्याच कामावर विश्वास ठेवत नाहीत.

नंतरच्या अडचणी मला जास्त काळजीच्या वाटतात. त्यातली पहिली जोडण्याची. डिस्क दोन ब्रेक-पॅडच्या बरोबर मध्ये यायला हवी, त्यासाठी शिम. चाकाचा कल पाऊण अंश आत हवा, त्यासाठी दांडा आणि डिस्क यांच्यामध्ये शिम. वीस थाऊची एक चकती घातली की कल सुमारे पाव अंशाने बदलतो. पेटीच्या आत ज्यांनी थाऊंचा हिशोब पाळला, त्यांना बाहेरही तो पाळावा लागतो.

दुसरी अडचण भागांची. सील, बेअरिंगं, रबराचे आधार मिळतात. जॅग्वारच्या जुन्या गाड्यांचा व्यवहार मोठा आहे आणि अनेक छोट्या कंपन्या हे भाग नव्याने बनवतात. पण पिनियन आणि क्राउन व्हीलची चांगली जोडी मिळणं ही वेगळी बाब आहे. जुन्या, न वापरलेल्या जोड्या संपत चालल्या आहेत. भंगारातून आलेल्या पेट्यांत कधी एका जोडीचं पिनियन आणि दुसरीचं क्राउन व्हील निघतं, कारण मधल्या काळात कुणीतरी क्रमांक पाहिला नव्हता. काही जण पुढच्या काळातल्या जॅग्वारची पेटी उचलून घालतात. ती त्याच घराण्यातली असली तरी गुणोत्तर वेगळं असतं आणि गाडीचा स्वभाव बदलतो. नव्याने बनवलेल्या जोड्यांबद्दल कारागीर ठामपणे बोलले. दात सुबक असू शकतात. पण जोडी यंत्रावर चढवून, कान देऊन, आकडा कोरूनच पाठवली पाहिजे. आकड्याशिवाय आलेलं पिनियन ते परत पाठवतात. त्याची जागा रंगाच्या ठशावरून शोधता येते, पण त्याला दिवस लागतात, आणि ती शांत जागा तपासनिसाला जशी सापडे तशी टेबलावर सापडेलच असं नाही.

तिसरी अडचण सर्वांत कठीण. टेबलावर सगळे आकडे बरोबर आले, ठसे मध्यावर उमटले, तरी खरी परीक्षा रस्त्यावरच होते. तेल भरायचं, पिंजरा चढवायचा, ब्रेकमधली हवा काढायची, आणि गाडी घेऊन बाहेर पडायचं. जोर देताना आवाज आला तर दाताची एक बाजू, सोडताना आला तर दुसरी. सतत घरघर येत असेल तर बेअरिंग. गिअर टाकताना खट्ट वाजलं तर बॅकलॅश जास्त, किंवा दांड्याचा सांधा झिजलेला. हे निदान कानाने होतं, आणि ते चुकीचं निघालं तर पिंजरा पुन्हा खाली. म्हणूनच असं काम घाईत आणि स्वस्तात होत नाही. जो स्वस्तात करून देतो त्याने मधली एखादी पायरी गाळलेली असते.

चौथी अडचण माणसांची. टेबलापाशी एक तरुण मुलगी शिकत होती. रंगाचा ठसा पाहून ती आधी आपला निष्कर्ष सांगे, मग कारागीर आपला. दोघांचं जुळलं नाही तर ते तिला पुन्हा पिनियन फिरवायला लावत आणि कारण विचारत. इंग्लंडमध्ये याची थोडी व्यवस्था उभी राहिली आहे. बिस्टरच्या हेरिटेज स्किल्स अकॅडमीसारख्या संस्था जुन्या गाड्यांच्या कामाचं रीतसर शिक्षण देतात, आणि जॅग्वारनेही कॉव्हेंट्रीजवळ जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र कारखाना काढला आहे. तिथे ई-टाइप मुळापासून पुन्हा उभ्या केल्या जातात. पण पिनियनचा दाब बोटांनी ओळखण्याइतकी सवय अभ्यासक्रमात मावत नाही. ती पेट्या उघडून-उघडून लागते, आणि दरवर्षी दुरुस्तीला येणाऱ्या पेट्या मोजक्याच असतात.

जॅग्वार 2008 पासून टाटा समूहाची आहे. ब्राउन्स लेनच्या वारशाचे धागे आता मुंबईच्या बॉम्बे हाउसपर्यंत येतात, म्हणून हा विषय मला आपल्यापासून दूरचा वाटत नाही. याच मालकीच्या काळात, 2017 मध्ये, कंपनीने ई-टाइप झीरो नावाची एक विजेवर चालणारी गाडी दाखवली. जुन्या ई-टाइपचं इंजिन आणि गिअरबॉक्स काढून तिथे बॅटरी आणि मोटर बसवली होती. मात्र डिफरन्शियल मूळच्या गाडीतलंच ठेवलं. त्यांना ते बदलायची गरज वाटली नाही, आणि ते योग्यच होतं. एका मोटरने दोन चाकं फिरवायची असतील तर इंधन कुठलंही असो, वळणावरचे चार मीटर जिरवावेच लागतात. इंजिनं जातील, पण ही विद्या इतक्यात कालबाह्य होणार नाही.

म्हणूनच तिची हेळसांड मला सहन होत नाही. टेबलावरच्या त्या गाडीचं नुकसान गंजाने झालं नव्हतं, वयानेही नव्हे. कुणीतरी आपल्यासाठी लिहून ठेवलेला आकडा न वाचल्याने झालं होतं. आणि त्या आधीच्या दुरुस्तीची एकही नोंद गाडीच्या कागदांत नव्हती. किती शिम होते, किती घातले, बॅकलॅश किती सोडला, काहीच नाही. आमचे कारागीर मात्र प्रत्येक पेटीबरोबर एक पान देतात. त्यावर पिनियनवरचा आकडा, प्रत्यक्ष मोजलेलं अंतर, शिमची जाडी, बेअरिंगांवरचा दाब, बॅकलॅश, आणि दोन्ही बाजूंच्या ठशांची छायाचित्रं असतात. या पानाचे ते वेगळे पैसे घेत नाहीत. लोखंडावर जेवढी जागा होती तेवढ्यात तपासनिसाने आपलं काम केलं. आपल्याजवळ कागद भरपूर आहे. जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, मग ती ई-टाइप असो की पुण्यातली एखादी जुनी फियाट, माझं एवढंच सांगणं आहे: असं पान हातात पडल्याशिवाय डिफरन्शियलच्या कामाचे पैसे चुकते करू नका, आणि पडलं की ते गाडीच्या आरसी बुकाबरोबर जपा.